नऊ किलो कमी

"पाजा, पाजा! पैलवानाला दूध कधी जड झालंय का?" तालमीचे कारभारी आप्पासाहेब ओरडले आणि तिसरा लोटा माझ्या नवऱ्याच्या तोंडाला लागला.

मी तालमीच्या दाराबाहेर उभी होते. बाईमाणसानं आत पाऊल टाकायचं नाही, असा तिथला नियम. आत मोंढ्याच्या धान्यबाजारातून आणलेला मोठा काटा टांगला होता. एका पारड्यात एकशे अठ्ठावीस किलो गूळ, दुसऱ्यात मांडी घालून बसलेले आमचे पुंजाराम पैलवान. त्यांचं पारडं वरच राहिलं होतं.

दर नागपंचमीला गुलमंडीमागच्या या तालमीत थोरल्या पैलवानाची तुला होते. गूळ मागल्या वर्षीच्या वजनाइतका घ्यायचा. पैलवान तेवढा भरला की ढोल वाजवायचे आणि गूळ गल्लीत वाटायचा. कमी भरला तर पारड्यातच बसवून दूध पाजायचं, काटा सरळ होईपर्यंत. कोणत्या शहाण्यानं ही रीत काढली कुणास ठाऊक! मला भेटला असता तर त्यालाच बसवून पाजलं असतं.

यंदा पैलवान नऊ किलो कमी भरले होते. ते नऊ किलो मी उतरवले होते. सहा महिने भाकरी मोजून वाढली, तूप कुलपात ठेवलं, वर त्यांची बोलणी खाल्ली.

मी सरकारी दवाखान्यात वीस वर्षं नर्स आहे. चिकलठाण्याच्या कंपनीत गोदामाचा जिना चढताना हे मटकन खाली बसले, तेव्हा मीच ओढत डॉक्टरांकडे नेलं. वय अवघं सत्तेचाळीस. डॉक्टर म्हणाले, "हृदय फुगलंय. कुस्ती सुटून पंधरा वर्षं झाली, खुराक मात्र सुटला नाही. वजन उतरवा. आणि दूध, चहा, पाणी सगळं धरून दिवसाला दीड लिटर. जास्त झालं तर पाणी छातीत भरेल." यांनी मुकाट मान डोलावली. काल रात्री जेवताना म्हणालेसुद्धा, "तुलेला जातो, पण दूध नाय घेणार. तुझी शपथ."

आणि आता नऊ लिटर! शपथ गेली चुलीत. चारचौघांत कुणी 'पैलवान उतरले' म्हटलं की या माणसाला स्वतःचा जीवही स्वस्त वाटतो.

चौथा लोटा लागला. त्यांचे ओठ काळेनिळे पडत होते, घोटाघोटाला खांदे वर येत होते. मला दारातून दिसत होतं आणि आत जमलेल्या शंभर माणसांपैकी एकालाही दिसत नव्हतं. माझं डोकंच फिरलं. चपला काढल्या आणि सरळ आखाड्याच्या मातीत शिरले.

एकच गलका झाला. यांचा जुना जोडीदार इलियास आडवा आला. "भाभी, अंदर नक्को. बाहर ठैरो, मैं देखता ना."

"तू काय बघतो, इलियास? तुझे अब्बा, मुबारक वस्ताद, किती वर्षांचे होऊन गेले? सांग ना!"

तो खाली बघायला लागला. "इक्यावन," म्हणाला.

"आणि भिंतीवरचे बाकीचे? हार घालता ना रोज फोटोंना? साठी बघितली का एकानं तरी? हा फकिरा बघा, तुमची माती खणतो, पन्नास किलो भरत नाय. ऐंशीचा झालाय!"

"बाई, तालमीच्या इज्जतीचा सवाल हाय," आप्पासाहेब म्हणाले. "इथून एकबी पैलवान कमी भरून उठला नाय."

"इज्जत तुमची आणि जीव माझ्या नवऱ्याचा व्हय? मग तुम्हीच बसा की पारड्यात!"

"मनकर्णा, बाहेर हो," हे म्हणाले. तीन शब्दांत तीनदा दम लागला.

"नऊच किलो कमी हाय ना? घ्या!" मी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी पारड्यात बसले. पारडं धाडकन जमिनीला टेकलं, गूळ वर गेला. "झालं का वजन? वाजवा आता ढोल!"

कुणी वाजवला नाही. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"ऊठ, लोक हसतील," हे पुटपुटले.

"हसू द्या. उद्या माझ्यासोबत रडायला यातलं कुणी यायचं नाय." मी त्यांचं मनगट धरलं. नाडी पळत होती, मधेच एखादा ठोका चुकत होता. मला शंभर जणांना बडवून काढावंसं वाटत होतं, आणि त्यांत हा माझा नवराही एक होता.

फकिरा खोरं टाकून आला. आप्पासाहेबांच्या हातातला लोटा त्यानं काढून घेतला आणि दूध आखाड्यात ओतलं. "मातीला पचतं हे," म्हणाला.

मी यांना पारड्यातून उठवलं. मदतीला इलियास पुढं आला, तर यांनी हातानंच नको म्हटलं. दारापर्यंत छाती काढून एकटेच चालले. गल्लीच्या वळणावर, तालीम दिसेनाशी झाल्यावर, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकला. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, पहिल्यांदाच टाकला. लई जड होता. मी दात दाबून चालत राहिले.

गुलमंडीच्या चौकात रिक्षा मिळेना. "जरा बसू," ते म्हणाले. एका कापडदुकानाच्या पायरीवर बसलो. सणाचा दिवस, माणसांची ये-जा चाललेली. जो येई तो थांबून म्हणे, "रामराम, पैलवान!"

त्यांनी हात उचलायला बघितलं. हात मांडीवरून हलेना. मग मीच हात जोडले आणि रिक्षा येईपर्यंत एकेकाला रामराम घालत बसले.