पहिली बादली

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बरणी आहे, पण स्वयंपाकघरातली नव्हे. उंच, सडपातळ, आणि अंगावर शून्यापासून हजारापर्यंत रेघा. रेघा होत्या, असं म्हणायला हवं. त्या कुठे गेल्या, तेच आज सांगायचं आहे.

भट्टीतून निघाले तेव्हा वाटलं होतं, माझ्यात अत्तर भरतील, निदान औषध तरी. पोचले कुठे, तर शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात! पहिल्या दिवशी माझ्यात तपकिरी पाणी ओतलं, तेव्हा मी मनातल्या मनात नाक मुरडलं.

पण प्रयोगशाळेतल्या बाईंमुळे मला माझ्या कामाची किंमत कळली. शहराच्या मोऱ्यांतलं, संडासांतलं पाणी केंद्रातल्या मोठ्या टाकीत येतं. तिथे डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव त्यातली घाण खाऊन टाकतात. त्यांना हवा मिळावी आणि कोणी विष घालू नये, एवढंच त्यांचं मागणं. रोज सकाळी बाई त्या टाकीतलं लिटरभर पाणी माझ्यात भरत आणि तीस मिनिटं थांबत. जीव खुशाल असले की गाळ अडीचशेच्या रेघेपर्यंत खाली बसे आणि वर नितळ पाणी राही. तेवढा वेळ टेबलाला कोणी हात लावायचा नाही. एकदा मोठे साहेब टेबलाला टेकले, तर बाईंनी त्यांनाही उठवलं. माझ्या रेघा पुसट झाल्या तेव्हा बाईंनीच बारीक कुंचल्याने त्या लाल रंगात पुन्हा ओढल्या.

माझं आणखी एक काम होतं. ज्या घरांना गटाराची जोडणी नाही, तिथला मैला टँकरने येई. नियम असा की प्रत्येक टँकरच्या पहिल्या बादलीतलं पाणी आधी माझ्यात ओतायचं, रंग आणि वास पाहायचा, मगच टाकीत नळी सोडायची. फाटकावरचे ऑपरेटर याबाबत इतके काटेकोर, की सगळे त्यांना नियमकाका म्हणत. त्यांच्यापुढे कोणाची डाळ शिजत नसे.

आणि एका सकाळी गाळ बसेना.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. गाळ आठशेच्या रेघेवर अडून बसला. वरचं पाणीही पांढुरकं, गढूळ. बाईंनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रोज तिथे इवले जीव वळवळत असत.

"एकही हलत नाहीये," बाई म्हणाल्या. त्यांनी धावत जाऊन नदीकडे पाणी सोडणारं दार बंद करवलं, कारण नदीचं पाणी खालच्या गावातल्या नळांना जातं. पण दार फार वेळ बंद ठेवता येत नाही. टाक्या दुपारपर्यंत भरल्या असत्या आणि सगळं शहरात उलटलं असतं.

"काका, काल काही वेगळं आलं होतं का?"

दारात उभ्या नियमकाकांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही बाई. नेहमीचंच."

मित्रांनो, मला वाचा असती तर मी ओरडले असते! काल दुपारी मी टँकरचा आवाज ऐकला होता, पण बादली काही आली नव्हती. तो टँकर नियमकाकांच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, त्यांच्या दाजींचा. "घरच्या माणसाची बादली बघणार? ताईला काय सांगू मी?" असं दाजी खिडकीखालीच म्हणाले होते. काका ओशाळले होते आणि त्यांनी नळी सोडू दिली होती.

वीस मिनिटं झाली. फाटकावर हॉर्न वाजला. तोच टँकर होता, दुसरी खेप घेऊन आलेला. काकांनी खरं बोलावं तर नोकरी जाईल आणि बहीण तुटेल. गप्प बसावं तर उरलासुरला जीवही टाकीत मरेल.

पंचविसावं मिनिट. बाहेर दाजी, कोणी विचारायच्या आत, नळी ओढू लागल्याचा आवाज आला. आणि नियमकाकांनी मला टेबलावरून उचललं!

"काका! अजून पाच मिनिटं आहेत!"

"गाळ बसणार नाही, बाई. माझ्यामुळे."

मला रिकामी करत ते फाटकाकडे धावले.

"दाजी, नळी खाली ठेवा. पहिली बादली द्या."

"वेडा झालास का? काल तर सोडलंस."

"काल चुकलो."

"अरे, कारखान्यातलं साबणाचं पाणी आहे. कारखानेवाल्यांनीच सांगितलंय."

"मग भरा की हिच्यात."

दाजींनी रागारागाने बादली उपडी केली. काळसर, झोंबणाऱ्या वासाचं पाणी माझ्या काठावरून अंगावर ओघळलं. पाहता पाहता माझ्या लाल रेघा विरघळून वाहू लागल्या. मला फार वाईट वाटलं, पण मी फुटले नाही.

"हेच पाणी नदीतून खालच्या गावात, तुमच्या घरच्या नळाला जातं, दाजी," काका म्हणाले. "ताई त्यातच स्वयंपाक करते."

दाजी वाकून नळी गुंडाळू लागले.

काकांनी आपली चूक स्वतःच लिहून दिली. त्यांना महिनाभर घरी बसवलं. ताईने बोलणं टाकलं. दुपारी नदीकडचं दार उघडावंच लागलं, म्हणून खालच्या गावातले नळ दोन दिवस बंद ठेवले. बाईंनी दुसऱ्या केंद्रातून जिवंत गाळ आणून टाकी पुन्हा उभी केली, आणि एकोणिसाव्या दिवशी गाळ अडीचशेला बसला. पण नव्या बरणीत. मी तडकलेल्या नरसाळ्याशेजारी धूळ खात ते पाहत होते. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

कामावर परतताच नियमकाका माझ्यापाशी आले. "बाई, ही मला द्या."

"काका, तिला रेघा नाहीत."

"मला मोजायचं नाही. बघायचं आहे."

तेव्हापासून मी फाटकावर आहे. मित्रांनो, उरलेला रंग, जुनं औषध मोरीत ओतू नका, तिथून पुढे कोणीतरी जगत असतं. आणि ओतणारं माणूस आपलंच असेल, तर जीभ अडते, हे मी पाहिलंय. तरी विचारा.

गेल्या आठवड्यात दाजींचा टँकर आला. काका उठायच्या आत दाजी उतरले, स्वतः बादली भरली, माझ्यात ओतली आणि बाजूला उभे राहिले.

"बघ," ते म्हणाले.

काकांनी मला उजेडात धरलं. रंग पाहिला, वास घेतला, घाई केली नाही. नळी सोडायची खूण केली आणि मगच विचारलं, "ताई कशी आहे?"