मोडाचं पोतं

अक्षदाचं बारसं टँकरच्या पाण्यावर झालं, ते हे वर्ष. २०१६चा उन्हाळा होता, दुष्काळाचं लागोपाठ दुसरं साल. बजाजनगरात रामेश्वरच्या दोन खोल्यांत पाळणा बांधला होता आणि आलेल्या बायका बाळाला बघायच्या आधी टँकर कधी येतो ते विचारत होत्या. नातीला ओवाळून सुगंधाबाई उठल्या, तसा रामेश्वर म्हणाला, "आये, इकून टाका आता मेंढरं. इथंच या राह्यला. तात्यांना धड दिसंना, तुझी कंबर गेली."

तात्या, म्हणजे मल्हारराव, दारात बसले होते. "मेंढरं इकून मी काय करू? तुझ्या ग्यालरीत हुभा राहून रिक्षा वळू?"

सगळे हसले. सुगंधाबाईही हसल्या, पण घरी येईपर्यंत त्या मनात मेंढरं मोजत होत्या. पडेगावच्या माळावर गवताची काडी उरली नव्हती. सव्वीस मेंढरं होती. ती पावसापर्यंत तगली तर माळ राहणार, नाहीतर त्या दोन खोल्या.

त्याच महिन्यात सुदर्शन भेटला. हा करमाडकडचा पोरगा. जमीन कारखान्यांत गेली, तेव्हा बापानं बंगला बांधला आणि यानं दौलताबादच्या रस्त्याला बिअर गाळायची लहानशी भट्टी घातली. बाटलीतली सगळीकडं मिळते तशी नाही, असं तो म्हणायचा. थोडीथोडी, हातानं केलेली, दर खेपेला निराळ्या चवीची. शहरातली पोरंपोरी गाड्या घेऊन तिथं यायची, पेला उजेडात धरून बघायची, हुंगायची आणि त्यावर तासभर बोलायची. सुदर्शनला आपल्या ज्वारीची बिअर करायची होती. त्यासाठी ज्वारीला मोड आणावे लागतात, आणि त्याचे मोड तीनदा कुजले होते.

भट्टीवरचा राखणदार सांडू सुगंधाबाईंना तिथं घेऊन गेला. लग्नाच्या पंगतीला मटकीचे मोड आणायचे ते सुगंधाबाईंनीच, हे त्याला ठाऊक होतं. त्यांनी पिंपात हात घातला आणि नाक मुरडलं.

"प्लास्टिकात कोंडली व्हय रं हिला? जीव हाय तिच्यात. घोंगडी लागती. घोंगडी वल्ली झाली तरी श्वास घेती."

"मावशी, पुस्तकात घोंगडी नाय लिहिलेली."

"मंग पुस्तकालाच मोड आण."

दुसऱ्या दिवशी त्या मल्हाररावांची जुनी घोंगडी घेऊन गेल्या. चौथ्या दिवशी ज्वारीला बोटाच्या पेराएवढे पांढरे मोड आले. सुदर्शन मजुरीचं बोलायला लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बिअर गाळल्यावर तू तो चोथा फेकतोस. त्यो मला दे."

मेंढरं चोथ्यावर तुटून पडली. पंधरा दिवसांत त्यांच्या बरगड्या झाकल्या. अडचण एकच होती. मल्हाररावांचा थोरला भाऊ दारूनं गेला होता. तेव्हापासून भट्टीवरची वस्तू घरात आणायची नाही, असा त्यांचा दंडक. सुगंधाबाईंनी सांगितलं, गिरणीवरचा कोंडा आहे, ओला करून देतात. मल्हारराव बरं म्हणाले. चारायचं काम सुगंधाबाईंनी आपल्याकडंच ठेवलं.

मोडाचं मात्र त्या फार जपायच्या. ज्वारी वाळली की तिचे मोड चोळून, सुपानं पाखडून वेगळे काढायचे. कोवळ्या ज्वारीची किराळ, तिच्यातलं विष, जनावराला लागते, पोट फुगतं, घटकाभरात जनावर आडवं होतं, हे धनगराच्या लेकराला चालायला यायच्या आधी कळतं. सांडू ते उकिरड्यावर टाकील आणि कुणाची तरी शेळी जाईल, म्हणून त्या मोडाचं पोतं स्वतः घरी आणायच्या आणि खड्डा करून पुरायच्या.

मे महिन्यात ज्वारीची बिअर तयार झाली. ती पहिल्यांदा प्यायला द्यायची त्या दुपारी सुदर्शन जीप घेऊन दारात आला. "मावशी, चला. तुमच्याबिगर पिंप फोडायचं नाय."

सुगंधाबाई दोन रात्री पुढच्या खेपेची ज्वारी परतत जाग्या होत्या. खड्डा खणायला हात उचलत नव्हते. आल्यावर पुरू म्हणून त्यांनी पोतं गोठ्याच्या कुडाला टेकवलं आणि लुगडं झटकून जीपमध्ये बसल्या.

तिथं पोरांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीवर त्यांचा फोटो लावला होता, घोंगडीत हात घातलेला. बिअरचं नाव 'सुगंधा'. एक पोरगी म्हणाली, "आजी, लई भारी!" दुसरा ओरडला, "अजून दोन सुगंधा द्या!" सुगंधाबाईंना हसू आलं आणि झोपही आली. खुर्चीत बसल्याबसल्या त्यांचा डोळा लागला.

उठवलं ते सांडूनं. "वहिनी, घरी चला. निरोप आलाय, मेंढरं पडायला लागलीत."

तळ्याला पाणी नव्हतं म्हणून मल्हारराव कळप घेऊन लवकर परतले होते. बायको घरात नाही. दोन दिवस तिचा चेहरा उतरलेला त्यांनी पाहिला होता. आजच्या दिवस आपण चारू, तेवढाच तिला इसावा, म्हणून त्यांनी कुडाजवळचं पोतं हातानं चाचपलं. आज कोंडा वाळवून दिलाय वाटतं, असं म्हणाले आणि गव्हाणीत रिकामं केलं.

सुगंधाबाई पोचल्या तेव्हा मेंढरं थरथरत होती, तोंडाला फेस होता. "किराळ!" एवढंच त्या बोलल्या. सुदर्शन मागं वळून जीपकडं पळाला. बिअरमध्ये घालायला आणलेला गूळ त्यानं ढेपांनी आणला, प्यायचं पाणी पिंपानं आणलं. भट्टीवरची पोरंपोरी पेले टाकून आली होती, त्यांनी मेंढरांची तोंडं धरली. गुळाचं पाणी पाजत पाजत अंधार पडला. नऊ मेंढरं मेली, सतरा उठली.

मग सुगंधाबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते गव्हाणीच्या कडेला बसून ऐकत होते.

"चोथा भट्टीचा, ते ठावं होतं मला," ते म्हणाले. "डोळे गेलेत, नाक नाय गेलं."

"मंग बोलला का नाय?"

"मेंढरं खात होती. काय बोलू? पर मोडाचं तू सांगायला पायजे होतं."

"आवं, मोडाचं सांगायचं तर भट्टीचं सांगावं लागलं असतं."

सुदर्शन पुढं झाला. "मामा, चूक माझी. नऊ मेंढरं मी भरून देतो."

"तुझी कशी? पोतं म्या वतलं." मल्हाररावांनी रिकामं पोतं बाजूला सारलं. "आण बघू तुझं ते, हिच्या नावाचं."

कुणीतरी भट्टीवरून पेला भरून आणला. मल्हाररावांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला. "आंबील हाय ही. माझ्या आईची बरी व्हायची." आणि पेला खाली ठेवला.

आठ दिवसांनी त्यांनी स्वतः रामेश्वरला न्यायला बोलावलं आणि सतरा मेंढरं पुतण्याला, कडुबाला देऊन टाकली. सुगंधाबाई म्हणाल्या, "जगलीत ती. पाऊस आलाच आता." ते म्हणाले, "ज्या हातानं किराळ चारली, त्या हाताला राखायचा हक नाय." सुदर्शन घोंगडी परत द्यायला आला, तर ती तुलाच ठेव म्हणाले. त्या वर्षी पाऊस बरा झाला. माळ हिरवा झाल्याचं त्यांना बजाजनगरातल्या ग्यालरीत कुणीतरी येऊन सांगितलं.

मल्हारराव तिथंच, २०१७च्या माघात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी वारले.