बाळाची नोंद

“कुंची कोण घ्यायलंय ते इचारल्याबिगर कापडाला कात्री लावू नको,” पार्वतीबाईंनी शिलाई मशीनवरून मान न उचलता सांगितलं.

प्रियदर्शनीने तोवर खणावर खडूची रेघ ओढून कात्री चालवलीही होती. “मामी, आता फोनवर कुणी गप्पा मारत बसत नाही. नाव येतं, पत्ता येतो, बाळाची जन्मतारीख येते. मापाला तेवढं पुरे.” सासूला ती पहिल्यापासून मामीच म्हणे.

“तारखेला काय करायचंय? आत्या हाय, मावशी हाय का आजी हाय, ते कळाया नको? आई आपल्या लेकराला कुंची घेती का कुठं?”

“आता घेतात. पुण्यात घेतात.”

“मग पुण्यातच दुकान मांड. गंगाखेडात कामून बसलीस?”

दारात चपला काढणारा हरिओम मोठ्याने हसला. बायकोची आणि आईची जुंपली की तो नेहमीच असा दारातच रेंगाळे. प्रियदर्शनीने त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि खणाचा तुकडा मशीनकडे सरकवला.

कुंच्या शिवणं हा पार्वतीबाईंचा जुना नाद. खणाचं टोपडं, त्याला पाठीवर सोडलेली झूल, कडेने रेशमी गोट. बारशाला आत्याने ती बाळाच्या डोक्यावर चढवायची आणि मग कानात नाव सांगायचं. गल्लीपुरत्या शिवलेल्या कुंच्या आता लांबून लोक मागायला लागले होते, म्हणून प्रियदर्शनीने वेबसाइट करायचं मनावर घेतलं. बी.कॉम. झाल्यापासून घरातच होती. बाळंतपणानंतर तर अंगणाच्या पलीकडे तिचं जगच उरलं नव्हतं.

तिने दोन सॉफ्टवेअरवर दोन साइट करून पाहिल्या होत्या. दोन्ही काही महिने फुकट चालणार होत्या, मग एक ठेवायची आणि दुसरी बंद करायची, असं ठरलं होतं. पहिली अगदीच साधी. एक पान, कुंच्यांचे फोटो आणि खाली व्हॉट्सॲपचं बटण. ते दाबून लोक थेट फोनच करत. मग पार्वतीबाई स्पीकर लावून बसत. बाळंतीण कशी हाय, अंगावर दूध हाय का, रातचं झोपू देतंय का. कापडाच्या रंगाचा विषय निघेपर्यंत चहा गार होई.

दुसरी साइट देखणी होती. लहान मुलांच्या दुकानासाठीच बनवलेला साचा. त्यात ‘बाळाची नोंद’ म्हणून एक जागा होती. नाव आणि तारीख भरली की माप आपोआप निघे, आणि बाळ वाढेल तसे मराठीतून मेसेज जात. ‘आता तुमचं बाळ मान धरू लागलं असेल.’ ‘कुंची लहान होतेय का? पुढचं माप तयार आहे.’ कुणाशी काही बोलावं लागत नसे.

हेच तर तिला हवं होतं. फोनवरच्या बायका काय काय सांगत. कावीळ, काचेची पेटी, वजन भरेना. ते ऐकलं की प्रियदर्शनी फोन मामींच्या हातात देऊन आत जाई, झोपलेल्या लेकीच्या, राजेश्रीच्या, नाकापाशी बोट धरून उभी राही. श्वास लागला बोटाला, तरी तिचा हात लगेच खाली येत नसे.

दुसऱ्या साइटवर सगळ्यात नियमित गिऱ्हाईक होती पिंगळीची शिवकन्या. तिने आधी नवजात मापाची कुंची मागवली, मग तीन महिन्यांची, मग सहा महिन्यांची. दर वेळी पाच तारे. एकदाही फोन नाही, तक्रार नाही.

“आली बघ तुझी पिंगळी पॅसेंजर,” ऑर्डरची घंटी वाजली की हरिओम म्हणे. “अगदी टायमावर.”

फुकटची मुदत संपत आली तशी प्रियदर्शनीने मनाशी ठरवून टाकलं. दुसरीच साइट ठेवायची. पहिल्या पानावर मात्र खऱ्या बाळाचा फोटो हवा. राजीचा होताच, पण स्वतःच्या लेकीचा फोटो म्हणजे घरचीच जाहिरात. परभणीला नात्यात साखरपुडा होता. तिथून पिंगळी कितीशी लांब? तिने शिवकन्येला मेसेज केला. उत्तर लगेच आलं. ‘या ना ताई. तुमच्या बाळालाही आणा.’

साखरपुडा उरकून हरिओमने पाहुण्यांची मोटारसायकल घेतली. पिंगळीत रेल्वे गेटच्या पलीकडे निळ्या फाटकाचं घर सापडलं. तो दारातल्या कडुनिंबाखाली गाडी लावून थांबला. प्रियदर्शनी राजीला कडेवर घेऊन आत गेली.

अंगणात दोरी होती. दोरीवर दोन लुगडी, एक टॉवेल, एक शर्ट. प्रियदर्शनीची नजर सवयीने आणखी काहीतरी शोधत राहिली. तिच्या घरी दोरीवर मोठ्यांच्या कपड्यांना जागाच उरत नसे.

“या ताई, या.” शिवकन्या तिच्याहूनही लहान दिसत होती. वेणी घट्ट घातलेली, कपाळावर ताजं कुंकू. “ही राजी ना? साइटवर रोज बघते हिला.”

“बाळ झोपलंय का?”

“हो,” शिवकन्या म्हणाली, पण आवाज खाली आणला नाही. आतून पाणी घेऊन आली आणि स्टीलचा तांब्या फरशीवर खणकन ठेवला.

प्रियदर्शनीने दचकून आतल्या दाराकडे पाहिलं. आत काहीच हललं नाही. आपण तर झोपलेल्या लेकरासाठी कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाही, तिच्या मनात आलं. तिने राजीला मांडीवर घट्ट घेतलं.

“तुमच्या कुंच्या बघायच्यात?” शिवकन्येने भिंतीतलं कपाट उघडलं.

वरचा सगळा कप्पा कुंच्यांचा होता. लहान मापापासून मोठ्या मापापर्यंत, एकीला एक लागून ठेवलेल्या. पार्वतीबाई कुंची पाठवताना हनुवटीच्या दोन नाड्या एका कच्च्या टाक्याने एकत्र टाचत. पहिल्यांदा घालताना तो टाका तोडायचा असे. प्रियदर्शनीने एक कुंची उचलून पाहिली. टाका तसाच होता. दुसरीचा तसाच. तिसरीचाही.

तिने तिन्ही कुंच्या होत्या तशा परत ठेवल्या.

“हिला ही बसंल,” शिवकन्या म्हणाली आणि सहा महिन्यांची कुंची घेऊन समोर मांडी घालून बसली. टाका तिने दातांनी तोडला. मग हात पुढे केले, आणि राजी, जी अनोळखी माणसाकडे कधी जात नसे, सरळ तिच्याकडे झेपावली.

शिवकन्येने कुंची चढवली. नाड्या बांधल्या, बोट घालून सैल केल्या, कपाळावरचे केस आत सारले. कुणी शिकवल्याशिवाय येणार नाही इतकं नीट. राजी खिदळली.

“घ्या ना फोटो. त्याच्यासाठीच आलता ना?”

प्रियदर्शनीने मोबाईल वर केला. चौकटीत तिचीच लेक होती आणि एका परक्या बाईचं तोंड, आनंदाने इतकं उजळलेलं की बघवेना. अंगठा बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

“शिवा, पाव्हण्यांला चहा टाक,” दारातून आवाज आला. डोक्यावरची वैरणीची पेंढी न उतरवता एक म्हातारी उभी होती. शिवकन्येची सासू, चतुराबाई. तिने लेकराकडे पाहिलं, कुंचीकडे पाहिलं. शिवकन्येने राजीला अलगद परत दिलं आणि ती आत गेली. स्टोव्हचा आवाज सुरू झाला तशी म्हातारीने प्रियदर्शनीला डोळ्यांनीच अंगणात बोलावलं.

“लेकरू न्हाई बाई,” पेंढी खाली टाकत ती म्हणाली. “दवाखान्यातनंच न्हाई आलं घरी.”

कुंचीची नाडी राजीच्या तोंडात होती, ती प्रियदर्शनीने काढली.

“माझ्या लेकीनं, म्हंजी आत्यानं, कुंची घेऊन ठेवली होती. ती गुपचूप उचलून नेली. पाळणा माळ्यावर टाकला. आमीच म्हणलं, दिसायला नको, इसरंल. महारुद्र नाव ठेवायचं होतं. कुणी तोंडातनं काढत न्हाई.” चतुराबाई जवळ सरकली. “ते मेसेज तुमीच लिवता का?”

“मी...” प्रियदर्शनी थांबली. कुणी लिहितच नाही, हे कसं सांगायचं तिला कळेना.

“लय मायेनं लिवता म्हणती. ‘आता तुमचं बाळ पालथं पडत असंल.’ वाचून दाखवती मला, चुलीपाशी बसून. त्या दिशी जेवती दोन घास जास्ती. पयल्यांदा मला लय राग आलता. म्हणलं, ही कोण भवानी हाय, बघतेच एकदा. पर तिचं तोंड बघितलं अन् गप बसले.” म्हातारीने पदराने मान पुसली. “आता म्होरं काय लिवणार तुमी?”

पुढचा मेसेज प्रियदर्शनीला पाठ होता. दातांचा. त्याच्या पुढचा पहिल्या वाढदिवसाचा, फुग्यांच्या चित्रासकट.

“मी बंद करते. आजच.”

“एकदम नगा करू!” चतुराबाईने तिचा दंड धरला. “आदी येऊन बसा तिच्यापाशी. बोला. मंग करा.”

“येते,” प्रियदर्शनी म्हणाली.

चहा तिने कसा प्यायला ते तिला आठवलं नाही. निघताना शिवकन्येने राजीच्या डोक्यावरची कुंची काढू दिली नाही. “असू द्या, तिला शोभायलीय,” म्हणाली.

रस्त्यात हरिओमला तिने सगळं सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली आणि नुसतंच म्हणाला, “टायमावर म्हणायचो मी.”

पुन्हा पिंगळीला जायचं होतं, शिवकन्येपाशी बसायचं होतं, बोलायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल हातात घेतला आणि प्रियदर्शनीला क्षणाचाही धीर धरवेना. दाताचा मेसेज कधी सुटेल कुणास ठाऊक. तो एकच मेसेज थांबवायचं बटण तिला सापडलं नाही. सापडलं ते ‘दुकान बंद करा’. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की? तिने हो म्हटलं. सर्व माहिती पुसायची? हो. पुन्हा विचारलं. पुन्हा हो. सुटल्यासारखा श्वास तिने घेतला. आता पहिलीच साइट राहील, साधी, मामींच्या फोनची.

पडद्यावर एक हिरवी खूण आली. ‘तुमच्या सर्व ग्राहकांना कळवण्यात आलं आहे.’

काय कळवलं?

तेवढ्यात तिच्याच मोबाईलवर मेसेज वाजला. साइट तपासून बघायला पहिली गिऱ्हाईक तीच झाली होती, लेकीच्या नावाने.

‘नमस्कार. राजेश्री या बाळाची नोंद कायमची काढून टाकण्यात आली आहे. आतापर्यंतच्या सोबतीबद्दल धन्यवाद.’

तिने तो वाचला. पुन्हा वाचला. मग धावत आत गेली. राजी पार्वतीबाईंच्या पायाशी बसून रिकामी रिळं आपटत होती. प्रियदर्शनीने तिला उचलून छातीशी इतकं आवळलं की लेकरू रडायला लागलं.

“काय गं? काय झालं?” पार्वतीबाई उठल्या.

तिने मोबाईल पुढे केला. सासूने चष्मा लावून सावकाश अक्षरं जुळवली आणि मोबाईल परत सुनेच्या हातात कोंबला. “आगं, असलं कोण लिवतं?”

“पिंगळीलाही गेलं असेल,” प्रियदर्शनी म्हणाली. “महारुद्रच्या नावाने.”

शिवकन्येचा फोन लागला नाही. एकदा वाजला आणि कट झाला, नंतर बंद. चतुराबाईचा नंबर तिने घेतलाच नव्हता. हरिओम कारखान्यात ड्युटीवर, मोबाईल लॉकरमध्ये. पार्वतीबाईंनी काही न विचारता राजीला तिच्या कडेवरून घेतलं आणि पिशवीत पाण्याची बाटली टाकली. “जा तू. पोरीला मी बघते.”

परभणीची एसटी गच्च भरली होती. प्रियदर्शनी मागच्या दाराच्या दांड्याला धरून उभी होती. परभणीला उतरायचं, तिथून पुढे पिंगळीला जायला काही मिळेपर्यंत थांबायचं. तिने एका हाताने कॉलेजच्या मैत्रिणींचा ग्रुप उघडला. काही जणी परभणीतच दिलेल्या होत्या, कुणी पूर्णेला. सगळं लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं. गाडी खड्ड्यातून उसळली. मग तिने पहिल्यापासून एवढंच लिहिलं:

‘पिंगळीत किंवा जवळपास कुणी आहे का? रेल्वे गेटच्या पलीकडे निळ्या फाटकाचं घर, दारात कडुनिंब. तिथे शिवकन्या राहते. तिचा फोन सकाळपासून बंद आहे. मी एसटीत आहे, पण मला पोचायला वेळ लागेल. काय झालं ते मागून सांगते, आता विचारू नका. वाचताय तसंच उठा आणि जाऊन या. तिने दार उघडलं तर तिच्यापाशी बसा. ती महारुद्रबद्दल बोलली तर बोलू द्या, विषय बदलू नका. आणि उघडलं नाही, तर परत फिरू नका.’