पाष्ट्यांची पोर, गोताडांची सून

तुळसाबाई पहाटेपासून दारापुढचं खळं सारवत होत्या. सारवून झालं तरी मन भरेना, पुन्हा कोपऱ्यात हात फिरवत होत्या. आज शिमग्याची पालखी वाडीत यायची होती. हातखंब्यापासून चार किलोमीटर आतल्या या वाडीत देवी पालखीतून घरोघर येते आणि घरच्या सवाष्णीकडून ओटी भरून घेते. तुळसाबाई विधवा. नवरा गेल्यापासून सहा वर्षं ओटी भरायला शेजारीण बोलवावी लागे, आणि त्या स्वतः दाराआड उभ्या राहत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या देवीसमोर, दाराआड. याची कुणाला कधी लाज वाटली नाही. यंदा मात्र घरात सून आली होती, आणि तुळसाबाईंचा जीव त्या ओटीत अडकला होता.

सून शमिका. दापोलीला शेतकी शिकलेली, तालुक्याला कृषी सहायक. मुलगा विनीत मुंबईत नोकरीला, शिमग्यासाठी कालच आलेला. लग्न ठरतानाच तिनं सांगितलं होतं, "मी पाष्टे आहे, पाष्टेच राहीन." का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "माझं नाव आहे म्हणून." आणि कारण हवंच कशाला हो? विनीत गोताड जन्मभर गोताड राहतो, त्याला कुणी कारण विचारतं का?

लग्नात कुणी काही बोललं नाही. पण ग्रामपंचायतीत मतदार यादी लागली, आणि एका घरात दोन गोताड आणि एक पाष्टे असं कुणाच्या तरी नजरेस पडलं. झालं, वाडीची बैठक बसली. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येतं, शाळेला वर्षभर गुरुजी नाहीत, त्यासाठी या लोकांना कधी वेळ झाला नाही. सुनेच्या आडनावासाठी मात्र अर्ध्या तासात सगळे पुरुष जमले.

वाडीचे मानकरी सखाराम गोताड, तुळसाबाईंचे चुलत दीर. ते निरोप घेऊन आले.

"वयनी, ठरलाय. सून आडनाव लावती तर पालखी खल्यात येल. नायतर रस्त्यावरनंच फुडं जायल. आनि मग तुमच्याकडं कोन यायचा नाय, जायाचा नाय. मयताला खांदासुदा नाय."

"भावजी, तिनं काय पाप केलान?"

"पाप नाय. रीत मोडलान."

दुपारी ढोल वाजत आले. पालखी फाटकाबाहेर रस्त्यावर थांबली. शमिका खण, नारळ, तांदळाचं तबक घेऊन खळ्यात उभी होती. सखाराम फाटकातूनच म्हणाले, "पोरी, देवीफुडं हात जोड आनि बोल, आजपासून मी गोताड. मग भर ओटी."

विनीत तिच्या कानाशी पुटपुटला, "बोल ना एकदा. बोलल्यानं काय अंगाला भोकं पडतात?" लग्नाआधी 'तुझं नाव तुझंच' म्हणणारा हाच तो. चार माणसांपुढे त्याचा कणाच राहिला नाही.

शमिकानं सासूकडे पाहिलं. तुळसाबाईंची नजर पालखीवरून हलत नव्हती. "आई, तुमच्यासाठी बोलते मी," म्हणत तिनं पाऊल पुढे टाकलं.

तुळसाबाईंनी तिचं मनगट धरलं. "नको बोलूस." आणि त्या स्वतः सगळ्यांसमोर, पालखीसमोर, फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, तुमची अक्षया कोन ओ?"

सखारामांची लेक अक्षया मागे बायांत उभी होती. अठराव्या वर्षी लग्न झालं, आडनाव बदललं, सासरच्यांनी पाळण्यातलं नावही बदललं. गेल्या वर्षी नवऱ्यानं हाकलून दिलं, तेव्हापासून बापाच्या घरी भाकऱ्या थापतेय.

"मगाशी तुमच्या खल्यात देवीला गाराना घातल्यात. दुबईतल्या नातवापातूर समद्यांची नावां घेतल्यात. हिचा नाय घेतल्यात. का, तर ही दिल्या घरची. त्यांनी तर घराभायेर काडल्यानी. मग ही कोनाची? हिनं तर रीत पाळलान ना? काय भेटला हिला?"

ढोलवाले खाली बघू लागले. सखारामांचा चेहरा उतरला, पण माणूस नमला नाही. "पालखी फुडं घ्या," एवढंच ते म्हणाले.

पालखी गेली. तुळसाबाई तिथंच मटकन बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. "मना वाटला व्हता, यंदा तरी येल," त्या म्हणत होत्या. शमिकाही रडली. विनीत पाणी घेऊन आला, तर दोघींनीही ते घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून या घरचं पाणी तोडलं. दुकानदार मीठ देईना. माणसाला वाळीत टाकणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, तसा कायदा आहे, आणि तो वाडीतल्या शिकल्यासवरल्यांना पुरता ठाऊक आहे. चौथ्या दिवशी तुळसाबाई सुनेला घेऊन सकाळच्या एसटीनं रत्नागिरीला गेल्या आणि पोलीस ठाण्यात तक्रार सांगू लागल्या.

हवालदारानं सगळं नीट लिहून घेतलं. "बैठकीत असं ठरलं, याला साक्षीदार आहे कोणी?"

"मी हाय." दारात अक्षया उभी होती. त्याच एसटीत मागच्या बाकावर बसून आली होती. "बैठक आमच्याच पडवीत झाली. समद्यांना चाय मीच दिली."

"बापाविरुद्ध साक्ष देतीस गो?" तुळसाबाई घाबरल्या.

"खरा काय ता सांगतंय, काकी."

हवालदारानं कागद पुढे ओढला. "पूर्ण नाव?"

"अक्षया."

"आडनाव?"

तिची आडनावं दोन. कागदोपत्री होतं ते ज्यानं मारून हाकललं त्याचं. दुसरं होतं ते ज्याच्या खळ्यात तिचं नाव घेत नाहीत त्या बापाचं.

"जागा कोरी ठेवा," ती म्हणाली.

"तसं नाही चालत ताई. आडनाव लागतं."

"मग तुमीच सांगा साहेब, कुटला लिवायचा?"

हवालदारानं पेन खाली ठेवलं. तुम्हाला सुचतंय का उत्तर?