काळी पाच

सुहासिनीबाईंनी लिहिलेलं पुन्हा पुसलं, चष्मा कपाळावर सारला, परत नाकावर घेतला आणि एका बोटाने नव्याने टाइप केलं: तानपुरा बंद असताना सूर येतो. भिंगाच्या चित्रावर बोट टेकवलं. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर एक निळं वर्तुळ गरगरलं आणि खाली उत्तरांची रांग लागली. तानपुरा अचानक बंद पडल्यास. तानपुऱ्यातून आवाज येत नसल्यास. सूर नीट येत नसल्यास.

"येत नसल्यास नाही हो," त्या मोबाइललाच म्हणाल्या. "येत असल्यास."

त्यांचे यजमान गोपाळकृष्ण समोर बसून मटार सोलत होते. मोबाइलच्या वाट्याला आलेलं हे 'हो' त्यांनी ऐकलं आणि इतक्या मायेने आपली चूक कधी कुणी दाखवली नाही, असं मटाराकडे बघत ते म्हणाले. बाई हसल्या नाहीत. एरवी हसल्या असत्या.

विश्रामबागेतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत बाईंचा गाण्याचा वर्ग अनेक वर्षं भरत होता. मिरजेचा चांगला तानपुरा होता, पण रोजच्या शिकवणीला इलेक्ट्रॉनिक तानपुराच बरा पडायचा. बटण दाबलं की न थकता वाजत राहणारा. गोपाळकृष्ण त्याला डबा म्हणत. बाईंचा सूर काळी पाच, पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा, म्हणून डबाही कायम काळी पाचवर लावलेला. सकाळच्या मुली घरी गेल्या तरी बाई तो लगेच बंद करत नसत; चहा होईपर्यंत खोलीत तो सूर दरवळत राहायचा. मग गोपाळकृष्ण आत डोकावून, आता ऐकतंय कोण, असं विचारत आणि बटण बंद करत. हे रोजचं होतं.

श्रावणात कधीतरी बाईंना तो दुसरा सूर ऐकू यायला लागला. पहाटेचं धुकं कृष्णेवरून वर सरकायच्या वेळी तो यायचा. डब्याचा नव्हता तो. खालचा होता, भरदार, पुरुषांच्या गळ्याला शोभेल असा काळी एकचा षड्ज. भिंतीतून नाही, अंगणातूनही नाही. खूप लांबच्या खोलीचं दार कुणीतरी उघडं टाकल्यावर यावा तसा. सुरुवातीला त्यांना तो आवडलासुद्धा. गोपाळकृष्णांनी भिंतीला कान लावून पाहिला, छपरावर जाऊन आले, शेजारच्यांच्या पंपाचीही चौकशी केली. त्यांना काही ऐकू आलं नाही. मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि उतारवयात कानात असं वाजतं, सवय होईल, म्हणून सांगितलं. बाईंना हे पटेना. कानात वाजणारं कधी इतकं सुरात असतं का?

पण एका सकाळी त्या खालच्या सुराच्या नादात त्यांनी एका मुलीला गंधार चुकला म्हणून थांबवलं. गंधार चुकला नव्हता. मुलगी गोंधळून बघत राहिली. तिची ती नजर बाईंच्या मनातून गेली नाही. दसऱ्याचं पूजन झालं आणि कान बरा होईपर्यंत वर्ग बंद, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं. डबा झाकण घालून कपाटात गेला. काळी एकचा सूर मात्र पहाटे येतच राहिला. बहिरेपणाची त्यांना भीती नव्हती. शिकवणं सुटलं तर आपण दिवसभर करायचं काय आणि असायचं कशासाठी, हे त्यांना कळत नव्हतं.

अशात त्यांना आठवलं. डबा नवा होता तेव्हा तो बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर लोक आपापल्या अडचणी लिहायचे. बॅटरीचं काहीतरी शोधताना त्यांनी तिथे कुणाचा तरी प्रश्न वाचला होता: तानपुरा बंद केला तरी सूर येतो. पुढचं वाचलंच नव्हतं. एवढी एक ओळ लक्षात राहिली, आणि शेजारी लावलेलं कमळाचं चित्र. म्हणजे आणखी कुणीतरी होतं. त्या माणसाचं पुढे काय झालं, सूर थांबला का, तो गातो का अजून, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

पूर्वी ती साइट साधी होती. पानं उलटत मागे मागे जाता यायचं, जुने प्रश्न जागच्या जागी भेटायचे. आता तिचं रूप पालटलं होतं. पानं गेली, चित्रं गेली. मोठ्या पांढऱ्या पडद्याच्या मधोमध एक चौकट, आणि त्यात 'काय शोधताय?' बाईंनी कमळ शोधलं. काळी एक शोधलं. सूर थांबत नाही, असंही लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी त्या शहाण्या चौकटीने त्यांना आवाज कसा सुरू करायचा तेच शिकवलं.

शेवटी गोपाळकृष्णांनी कंपनीला फोन लावला. फोनवरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की नव्या शोधात फक्त सुटलेले प्रश्न दिसतात. ज्यांना कुणी उत्तर दिलं नाही ते मागे ठेवलेत, लोकांचा वेळ जातो म्हणून.

"मग ते गेले कुठे?" बाईंनी फोन हातात घेऊन विचारलं.

"आहेत मॅडम. फक्त शोधून सापडत नाहीत."

त्या रात्री बाईंना झोपेत एक लांबच लांब ओसरी दिसली. तिच्यावर खूप माणसं बसली होती. कुणी काही मागत नव्हतं, नुसती वाट बघत होती.

सकाळी ती ओसरी डोळ्यांपुढून हलेना. मटाराचं टरफल टोपलीत टाकत गोपाळकृष्ण म्हणाले की शोधून सापडत नसेल तर स्वतःच विचारून टाक. बाईंना संकोच वाटला. इतकी वर्षं सूर शिकवून आता चारचौघांत असलं काय विचारायचं? तरी त्यांनी 'नवा प्रश्न' वर बोट ठेवलं आणि लिहायला लागल्या. तानपुरा बंद असला तरी. एवढं लिहून होतंय तोच खाली करड्या अक्षरांत उमटलं: असा प्रश्न आधी विचारलेला आहे. तोच का?

त्याच्या शेजारी कमळ होतं.

बाईंनी पुढचं सगळं वाचलं. खाली नाव होतं, लालासाहेब, उंब्रज.

"नमस्कार. मी रिटायर फौजी हाय. या वयात गाणं शिकतोय. माझा सूर काळी एक. सकाळी रियाज झाला, तानपुरा बंद केला तरी सूर येतो. माझा न्हवं, दुसराच. काळी पाच. बाईमाणसाचा. लय लांबनं येतो. घरात कुनाला ऐकू येत न्हाई. मला तरास काय न्हाई, उलट बरं वाटतं. मशीन बिघडलंय असं बी माझं म्हननं न्हाई. इचारायचं एवढंच, आमचा सूर बी असाच कुनाकडं जात असंल का?"

वर्षं लोटली होती, उत्तर कुणी दिलं नव्हतं. खाली त्यांनीच लिहिलेलं आणखी थोडं होतं. ते अलीकडचं होतं.

"दसऱ्यापासनं तो सूर यायचा थांबलाय. मशीन ठीक हाय. तिकडं समदं बरं हाय न्हवं?"

बाईंनी उत्तराच्या चौकटीत 'हो' लिहिलं. डोळे भरून आले होते आणि अक्षरं दिसत नव्हती. मोबाइल तसाच ठेवून त्या उठल्या, कपाट उघडलं, डब्यावरचं झाकण काढलं. बोटाने चाक सारखं केलं, काळी पाचवर आणलं आणि बटण दाबलं. बंद खोलीतली हवा हलल्यासारखी झाली.

गोपाळकृष्ण मटाराचे हात पुसत दाराशी आले. खोलीत मुली नव्हत्या, सतरंजी गुंडाळलेलीच होती. बाई एकट्याच जमिनीवर बसल्या होत्या.

"अगं, वर्ग बंद ना? ऐकतंय कोण आता?"

ते सवयीने बटणाकडे वाकले. बाईंनी त्यांचा हात अलगद बाजूला केला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "थोडा वेळ वाजू दे."