सावलीमागे चालणाऱ्या गाड्या

ओमानमधल्या मत्रहच्या जुन्या बाजाराच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी बेचाळीस गाड्यांचं एक खासगी पार्किंग आहे. मे महिन्यात भर दुपारी तिथे उभं राहिलं, तर आपण जागे आहोत की झोपेत हे छातीठोकपणे सांगता येत नाही. ऊन इतकं पांढरं की लाल गाडी आणि निळी गाडी सारखीच दिसते, आणि बंदरावरचा भोंगा पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. श्रीवर्धनचा इक्बाल परकार या उन्हात सव्वीस वर्षं राखणदारी करत होता, आणि या सव्वीस वर्षांपैकी निम्मी आपण स्वप्नात काढली, असं त्याला कधी कधी वाटायचं.

स्वप्न म्हणा नाहीतर काही म्हणा, हात मात्र चालू असायचे. सकाळी पूर्वेकडच्या तिमजली इमारतीची सावली आवारात पडायची. ती सरकत सरकत अकराला नाहीशी व्हायची. मग दोन बदामाच्या झाडांखाली जेमतेम सहा गाड्यांपुरता गारवा उरायचा. अडीचनंतर डोंगराची सावली हळूच उतरायला लागायची. येणारा प्रत्येक जण किल्ली इक्बालच्या हातात देऊन निघून जायचा. कोण कधी परत येणार हे इक्बालला पाठ होतं. कापडाच्या दुकानाचे मॅनेजर जनार्दन एकला जेवायला घरी जात, म्हणून साडेबाराला त्यांची गाडी बदामाखाली यायची. ते गेले की त्या जागी दुसऱ्याची. ज्याची निघायची वेळ जवळ, त्याला सावली आधी. दिवसभर तो गाड्या अशा चार-चार हात सरकवत राहायचा.

ही रीत मोठ्या अर्बाबांची. अर्बाब म्हणजे मालक. मोठे म्हणजे जुने, ज्यांनी इक्बालला इथे आणलं ते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "पाहुणा आला की आधी त्याच्या उंटाला सावली, मग त्याला कॉफी. आता उंट नाहीत, गाड्या आहेत. पण पाहुणा तोच आहे." इक्बालने ते मनावर घेतलं. गिऱ्हाइकांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. किल्ली घेतो म्हणजे वाट मोकळी करायला घेत असेल, एवढंच त्यांना वाटे. गाडीत बसताना बूड भाजत नाही, हे कुणाच्या लक्षात येणार? भाजलं असतं तर आलं असतं.

मोठे अर्बाब वारले आणि दोन वर्षांनी त्यांचा मुलगा अहमद याने पार्किंगमध्ये यंत्रणा बसवायची ठरवली. फाटकावर नंबर वाचणारा कॅमेरा, आपोआप उघडणारा दांडा, प्रत्येक जागेखाली जमिनीत एक सेन्सर, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर सगळी खबर. अहमद वाईट नव्हता. तो स्वतः आला, इक्बालशेजारी उभा राहिला आणि नजर बंदराकडे ठेवून बोलला.

"यंत्र नीट चाललं तर फाटकावर माणूस लागणार नाही, इक्बाल. तुझा व्हिसा महिनाअखेर संपतोय. तो पुढे वाढवणार नाही. तिकीट देईन, जे द्यायचं ते इज्जतीने देईन."

"इन्शाल्ला, अर्बाब," इक्बाल म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

गावी अमीरुन्निसाला त्याने फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "येवा की मंग. सव्वीस वर्सां झाली." तिच्या आवाजात आनंद होता आणि तो तिने लपवलाही नाही. घर बांधून झालं होतं, मुलगी उजमा सासरी सुखी होती, भुकेचा प्रश्न उरला नव्हता. पण इक्बालला त्या रात्री अन्न गेलं नाही. घरी जायचं त्याला वावडं नव्हतं. दांड्याने आणि कॅमेऱ्याने हुसकलेला माणूस म्हणून जायचं, हे मात्र त्याच्या जिवाला लागलं. मशिदीबाहेर कुणी विचारलं, काय परकार, कायमचे आलात का, तर काय सांगायचं? नको झालो म्हणून आलो?

यंत्रणा बसवायला मस्कतच्या गाला भागातल्या एका कंपनीतून गुरुदत्त नावाचा इंजिनियर आला. पुण्याचा, पस्तिशीचा, बोलका. इक्बाल मराठी बोलतो हे कळल्यावर त्याला सख्खा काका भेटल्याचा आनंद झाला. बायको रेखाने दिलेल्या डब्यातली एक पोळी तो रोज इक्बालला द्यायचा, आणि ज्याची भाकरी आपण काढून घेतोय त्यालाच पोळी देतोय, हे त्या बापड्याच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. त्यानंतर तो दोन द्यायला लागला.

पहिल्या आठवड्यात यंत्राची पार दैना उडाली. गाडी जागेवरून हलली की यंत्र समजे, गेली. लगेच मोबाइलवर संदेश: आपण निघालात, आभारी आहोत, पुन्हा या. शेजारच्या जागेत तीच गाडी उभी राहिली की यंत्र पुन्हा स्वागत करी. एका सकाळी जनार्दनना चार वेळा निरोप आणि चार वेळा स्वागत झालं. साडेबाराच्या पाचव्या निरोपाला ते मोजपट्टी हातात घेऊनच दुकानातून धावत सुटले, गाडी चोरली म्हणून. येऊन बघतात तर इक्बाल त्यांची गाडी बदामाखाली लावून शांतपणे काच पुसतोय.

"हे काय चाललंय, इक्बालभाई?"

"ऊन आलं हुतं, शेठ."

जनार्दन मोबाइलकडे बघत राहिले. "रोज करता हे?"

"रोजच."

त्यांनी मोजपट्टीने उगाच तळहातावर दोन फटके मारले आणि परत गेले.

गुरुदत्तच्या पडद्यावर तर भलतंच दिसे. बेचाळीस चौकोन, आणि त्यांतले हिरवे ठिपके दिवसभर इकडून तिकडे हिंडत. तो पडद्याकडे टक लावून बसे आणि मग त्याचे डोळे जड होत. शेवटी त्याने हात टेकले आणि अहमदला फोन लावला. अहमदने फोनवरच इक्बालला हुकूम दिला: कंपनीचा नियम आहे, तीन दिवस एकही चुकीची नोंद नको, मगच मी सही करणार. मंगळवारपासून गुरुवार दुपारी तीनपर्यंत एकाही गाडीला हात लावायचा नाही.

आता बघा, इक्बालला नोकरी टिकवायची असती तर काम सोपं होतं. एक गाडी, फक्त एक गाडी चार हात हलवायची. यंत्र नापास, इक्बाल पास. गुरुदत्तनेही आडून तसं सुचवलं. "चाचा, सवयीने एखादी हललीच, तर मी तुम्हाला दोष देणार नाही."

"सवयीनं नाय हलनार," इक्बाल म्हणाला. "हलली तर पोटासाठी हलली म्हनतील. मोठ्या अर्बाबांचं काम मी पोटासाठी विटाळनार नाय."

तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हात त्याने मांड्यांखाली घेतले.

मंगळवार गेला, बुधवार गेला. असं बसणं त्याला सव्वीस वर्षांत माहीत नव्हतं. इमारतीची सावली गाड्यांवरून निघून चालली की त्याचे पाय आपोआप उठू बघत. तो त्यांना दाबून धरी. डोळा लागला की त्याला सगळं आवार समुद्र झालेलं दिसे. ओहोटी लागलेली, पाणी मागे हटलेलं, आणि बेचाळीस होड्या कोरड्या वाळूत कलंडून पडलेल्या. तो एकेकीला ढकलत पाण्याकडे न्यायला बघे आणि हात जड होऊन जात. दचकून जागा झाला की समोर गाड्या तशाच, टपावरून वाफ निघत असलेल्या. गिऱ्हाइकं दार उघडत आणि हात झटकत. एक-दोघांनी विचारलंही, "इक्बालभाई, तब्येत बरी नाही का?" तो मान हलवी. यंत्राचं काम मात्र चोख चाललं होतं.

गुरुवारी अकराच्या सुमारास अहमद आईला घेऊन आला. मोठ्या अर्बाबांची बायको, सगळे तिला उम्म अहमद, म्हणजे अहमदची आई, म्हणत. तिला बाजारातून लोबान आणि कापड घ्यायचं होतं. अहमदने गाडी मधल्या जागेत लावली, किल्ली इक्बालकडे दिली आणि हळूच बजावलं, "हलवू नकोस. तीनपर्यंतच."

मधली जागा म्हणजे दुपारी तवा. इक्बालने किल्ली मुठीत धरली आणि ऊन त्या गाडीवर चढताना बघत बसला. बाराला काच चमकायला लागली. एकला ती जागा उघड्या डोळ्यांनी बघवेना. दोनला मायलेक परत आले. म्हातारीने दार उघडलं, आत बसली आणि लगेच बाहेर आली. तिने तळहात उलटा करून पाहिला. सीटच्या पट्ट्याच्या बकलाने तिथे लाल वळ उठला होता.

ती इक्बालसमोर येऊन उभी राहिली. आवाज न चढवता तिने विचारलं, "माझ्या नवऱ्याच्या आवारात पाहुण्याची गाडी उन्हात? तू झोपला होतास का, इक्बाल?"

सव्वीस वर्षांत इतकं कुणी बोललं नव्हतं. अहमद तिथेच उभा होता. इक्बालने त्याच्याकडे बोट दाखवलं असतं तर काम झालं असतं. "चूक झाली, उम्म अहमद," तो म्हणाला आणि खाली बघू लागला.

अहमदचे कान लाल झाले. बोलला तो गुरुदत्त. बोलला म्हणजे काय, त्याने लॅपटॉप आणून गाडीच्या टपावर ठेवला, चटका बसला म्हणून पुन्हा उचलला आणि दोन्ही हातांत धरून म्हातारीपुढे केला. फाटकावरच्या कॅमेऱ्याने पहिल्या आठवड्यातला एक अख्खा दिवस टिपला होता, तो त्याने एका मिनिटात पळवून दाखवला.

पडद्यावर इमारतीची सावली जमिनीवरून मागे सरत होती आणि तिच्यामागोमाग गाड्या एकेक करून उठत होत्या. एक उठली, दोन हात सरली, थांबली. दुसरी बदामाखाली आली, ती गेली, तिच्या जागी तिसरी. सगळं आवार कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसं हळूहळू वळत होतं. मग डोंगराची सावली उतरली आणि गाड्या एकेक करून तिच्यात शिरल्या. आवाज नव्हता. माणूस कुठे दिसत नव्हता.

"आणि हा कुठे आहे?" म्हातारीने विचारलं.

गुरुदत्तने चित्र थांबवलं आणि दोन गाड्यांच्या मधल्या एका राखाडी ठिपक्यावर बोट ठेवलं.

इक्बालनेही वाकून बघितलं. आपण दिवसभर करतो ते असं दिसतं, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. त्याला एकदम रडू आलं आणि ते त्याने आवरलं नाही. अहमदने तो एक मिनिटाचा दिवस पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा.

म्हातारीने घड्याळ बघितलं नाही की मुलाकडे बघितलं नाही. "इक्बाल, गाडी सावलीत लाव," ती म्हणाली, "मला घाई नाही." आणि ती इक्बालच्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

तीनला अजून पाऊण तास होता. इक्बालने अहमदकडे पाहिलं. अहमदने मान डोलावली. तेव्हा कुठे तो गाडीत बसला आणि तिला अलगद बदामाखाली घेऊन गेला. पडद्यावर एक ठिपका निघाला आणि तीन दिवसांची परीक्षा वाया गेली. गुरुदत्तने लॅपटॉप मिटला.

गाडी गार व्हायला अर्धा तास लागला. तेवढ्यात अहमद इक्बालजवळ आला. यावेळी तो बंदराकडे बघत नव्हता.

"यंत्र राहील," तो म्हणाला. "तू गाडी हलवलीस तर ते गप्प बसेल, अशी सोय गुरुदत्त करून देतोय. शनिवारी पासपोर्ट घेऊन ये. व्हिसा दोन वर्षं वाढवू."

हेच ऐकायला इक्बालने इतके दिवस देवाला साकडं घातलं होतं. आणि आता ऐकलं तेव्हा त्याच्या मनात दुसरंच उभं राहिलं. परक्यांच्या गाड्यांना त्याने सव्वीस वर्षं घटकाभरही उन्हात राहू दिलं नव्हतं. अमीरुन्निसाने मात्र घराचा चौथरा उन्हात उभं राहून बांधून घेतला, लेकीचं लग्न एकटीने लावलं, त्याच्या आईला शेवटचं पाणी पाजलं. तिच्यासाठी तो कधी चार हात सरकला नव्हता.

"अर्बाब, पासपोर्ट आनतो," तो म्हणाला. "पन व्हिसा वाढवू नका. महिनाअखेरपर्यंत नवा मानूस आना. सावली कशी चालते ते मी त्याला शिकवून जातो."

अहमदला वाटलं, हा रागावलाय. त्याने दोनदा विचारलं. इक्बाल रागावला नव्हता. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

डोंगराची सावली अर्ध्या आवारावर आली तेव्हा त्याने घरी फोन लावला. महिनाअखेर येतो, असं सांगितलं. नवऱ्याच्या मनात काय सलतंय हे अमीरुन्निसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून तिने जपून विचारलं.

"मालकान् काढलान काय तुमाना?"

"नाय," इक्बाल म्हणाला. "मीच निघालो."