चकचकीत कठडा
सासूबाई होडीतून फिरायला येणार म्हणून जावईबापूंनी पितळी कठडा घासूनपुसून आरशासारखा केला. खालचे स्क्रू गंजून खिळखिळे झालेत हे त्यांना ठाऊक होतं, पण तिथे कोण मरायला वाकून बघतंय!

सासूबाईंनी चढताना कठडा धरला. तो उपटून हातात आला आणि त्या धपकन फळीवर बसल्या. कोपर चोळत, ओशाळून म्हणाल्या, "माझंच मेलीचं वजन! एवढ्या मेहनतीनं चकाचक केलेला, मी मोडला."

खरं सांगायला जावईबापूंनी तोंड उघडलं, आणि निघालं काय, तर, "असू द्या, आई. होतं असं."

"किती मोठ्या मनाचे हो तुम्ही!"

जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी घरंगळत आलेला गंजका स्क्रू त्यांनी गुपचूप पायाखाली दाबलाच.